कमी दाबाची तक्रार

३ फेब्रुवारी, सोमवार

ही म्हणाली, "दिवसभर जे काही पुटपुटत असता ते वहीत लिहा, आम्हाला ऐकवू नका." म्हणून ही वही. पाणीपुरवठा खात्यात सदतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा तक्रार विभागात. तेव्हा लोकांचं ऐकून घ्यायचा पगार मिळायचा. आता माझं ऐकायला पगारी माणूस ठेवावा लागेल अशी परिस्थिती आहे.

तर मुद्दा असा. सूनबाई महिनाअखेरीला दवाखान्यात परत रुजू होणार. ती दातांची डॉक्टर. नातीला आम्ही बाईसाहेब म्हणतो, कारण त्या आल्यापासून घरात दुसऱ्या कोणाचं काही चालत नाही. बाईसाहेब तेव्हा चार महिन्यांच्या होतील. चिरंजीव सकाळी जातात ते संध्याकाळी उगवतात. ही शाळेत शिकवते, तिला निवृत्तीला अजून दोन वर्षं. राहिलं कोण? मी रिकामटेकडा. सूनबाई घरी असेल तेव्हा अंगावर पाजणार, नसेल तेव्हा तिने काढून ठेवलेलं दूध बाटलीने. आणि ती बाटली पाजणार मी.

माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की मला काही मत नाही. मुलगी शिकलेली आहे, तिचं तिला कळतं. फक्त एवढंच म्हणतो की वर्षभर घरी थांबली असती तर लोकांचे दात काही पळून जात नव्हते. पण मी कोण सांगणारा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दूध काढायचं यंत्र आलं. बंद दाराआड चालू असतं तेव्हा बारक्या पंपासारखा आवाज येतो. पंप म्हटलं की माझे कान टवकारतात, त्याला इलाज नाही. आज आवाज अडखळत होता, त्यावरून मी लगेच ओळखलं की कुठलीतरी झडप नीट बसलेली नाही. दारावर टकटक करून सांगणारच होतो, तेवढ्यात हिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी सरळ गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घातलं. सकाळी एकदा घातलं होतं.

फ्रिजचा वरचा कप्पा आता त्या दुधाचा. बाटल्यांवर तारीख, वेळ, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. मी फ्रिज उघडला की खालीच बघतो. सासऱ्याने कुठे बघावं याचे नियम आमच्या वेळी ठरलेले होते. फ्रिजबाबत कोणी काही ठरवून ठेवलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रंगीत तालीम झाली. सूनबाईने सगळं समजावून सांगितलं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, थेट गॅसवर नाही. वर साय धरल्यासारखं दिसलं तरी ते नासलेलं नाही, हलक्या हाताने गोल फिरवायचं. मनगटावर थेंब टाकून बघायचा. मी मान डोलावत होतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, दूध आहे हो. फक्त दूध. तुम्ही असे बसलाय की जणू मी बाँबचं शिकवतेय."

बाईसाहेबांनी बाटलीचं रबरी बोंड तोंडात घेतलं, चावून बघितलं, आणि जी काही बोंब ठोकली की खालच्या मजल्यावरचे वर आले. आई समोर असल्यावर बाटली कोण घेणार, असं हिचं मत पडलं. म्हणून सूनबाई जिन्यात जाऊन बसली. तरी तेच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चौथा दिवस, थेंब पोटात नाही. चिरंजीव प्रयत्न करून थकले, ही गाणी म्हणून थकली, मी तर गुन्हेगारासारखा बाटली घेऊन मागेमागे फिरतो.

संध्याकाळी सूनबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मी पाणी प्यायला गेलो. तिने आपण होऊन सांगितलं, "बाबा, मला दोन्ही हवंय. दवाखानाही, आणि ही अंगावर पिणारीही. जो भेटतो तो सांगतो, एक काहीतरी सोड. का सोडू? दिवसभर लोकांच्या तोंडात बघून आल्यावर ही कुशीत येऊन प्यायली ना, की मला दुसरं काही नको."

मी म्हटलं, "बघू." याच्यापुढे आमच्या घराण्यात पुरुष बोलत नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जमलं. आणि कोणी जमवलं? अस्मादिकांनी.

झालं असं, की दुपारी घरात कोणी नव्हतं. सूनबाई केस कापायला गेलेली. मी बाटली उलटी धरून शांतपणे पाहणी केली, जशी जागेवर जाऊन करायचो. टप... टप... टप. अहो, रबरी बोंडाला भोक म्हणावं तर सुईच्या टोकाएवढं. त्यातून त्या बिचारीने किती ओढायचं? आयुष्यभर ज्या तक्रारीची उत्तरं दिली तीच तक्रार माझी नात ओरडून ओरडून सांगत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. कमी दाबाने पुरवठा.

हिच्या शिवणाच्या डब्यातली जाड सुई घेतली, गॅसवर लाल केली आणि भोक जरा मोठं केलं. जरा म्हणजे जरा. नंतर बोंड पाण्यात खळाखळा उकळलं, मी काही अडाणी नाही. बाटली तोंडाला लावली. बाईसाहेबांनी एकदा डोळे मोठे केले, एक ठसका दिला आणि मग घटाघटा. बघता बघता बाटली रिकामी.

सूनबाई आली तेव्हा तिला रिकामी बाटली दाखवली. तिचे डोळे भरून आले. "काय केलंत बाबा?" मी म्हटलं, "हाताचा गुण." सुईचं काही बोललो नाही. डॉक्टर माणसं, हजार शंका काढतात. आणि खरं सांगायचं तर घरात कौतुक होण्याचा योग मला वारंवार येत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाई रुजू झाली. दारात तिचाच पाय निघेना. बाईसाहेब माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होत्या, शांत. मी म्हटलं, "जा बिनधास्त. इथे चोवीस तास पुरवठा आहे."

दवाखान्यात ती एक्स-रेच्या खोलीत बसून दूध काढते. बाहेरचा लाल दिवा लावून ठेवला की कोणी आत शिरत नाही. मी विचारलं, त्या किरणांचं दुधाला काही होणार नाही ना? ती म्हणाली, यंत्र बंदच असतं, नुसता दिवा चालू. बाहेर रांगेतल्या एका आजोबांनी म्हणे विचारलं, रोज दोनदा इतका वेळ कोणाचे फोटो काढता?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नोंद घेण्यासारखं विशेष नाही. बाईसाहेब पाच मिनिटांत बाटली संपवतात आणि माझा पेपर वाचून होतो. हनुवटीवरून थोडे ओघळ जातात. उचक्या लागतात. कधी पिऊन झालं की भसकन बाहेर टाकतात, माझे दोन सदरे गेले. टाकी भरली की वाहणारच, त्यात घाबरण्यासारखं काय? मी हिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "पोरगी आहे ती, गच्चीवरची टाकी नाही."

बागेत इतर आजोबा भेटतात. एकाची नात बाटलीला तोंड लावत नाही, दुसऱ्याच्या नातवाला अर्धा-पाऊण तास लागतो. मी जास्त बोलत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

५ मार्च, बुधवार

संध्याकाळी खोलीतून बाईसाहेबांच्या रडण्याचा आवाज. सूनबाई आली की लगेच जवळ घेते, हल्ली दोन घोट झाले की बाईसाहेब अंग ताठ करतात, मान मागे टाकतात, किंचाळतात. परत घेतात, परत सोडतात. दिवसा माझ्याकडे अगदी शहाण्यासारख्या असतात. दात येत असतील.

९ मार्च, रविवार

दात नाहीत. दातांच्या डॉक्टरनेच बघून सांगितलं.

हिचं म्हणणं पडलं, "कामाच्या दगदगीने दूध कमी झालं असेल तिचं." म्हणजे मोठ्याने म्हणाली, सूनबाईला ऐकू जाईल असं. त्यानंतर सूनबाई पहाटे उठून ते यंत्र लावून बसायला लागली. डोळ्यांखाली काळं आलंय. ताटात पडेल ते, सांगाल ते खाते, पाण्याचा तांब्या घेऊन हिंडते.

मला बघवेना. मी चांगल्या मनाने सांगायला गेलो, "कशाला जीव काढतेस? सगळंच बाटलीने दे. मी आहे ना, माझ्याकडे काही तक्रार नाही तिची." ती ताट अर्धं टाकून आत गेली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही ना." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

हल्ली लोकांना चांगलं सांगितलेलंही लागतं.

१३ मार्च, गुरुवार

आज तर कहर झाला. सूनबाईच्या कुशीत बाईसाहेब रडरडून लाल झाल्या, मी नुसता दारातून डोकावलो तर माझ्याकडे हात टाकायला लागल्या. सूनबाईने मुकाट्याने माझ्याकडे दिल्या. म्हणाली, "घ्या. तुमच्याकडेच राहतेय. मी म्हणजे तिला रात्री झोपवायला येणारी बाई."

मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, वहीत खोटं कशाला लिहू.

१७ मार्च, सोमवार

चिरंजीवांना रजा नव्हती म्हणून सूनबाईबरोबर मी गेलो. अंगावर पाजण्याबद्दल सल्ला देणाऱ्या एक परिचारिकाबाई आहेत. आमच्या काळी हे काम आज्या फुकट करायच्या आणि वर टोमणे मारायच्या. या बाई टोमणे मारत नाहीत, एवढा फरक. मी बाहेर थांबतो म्हटलं तर त्याच म्हणाल्या, "दिवसभर तुम्हीच बघता ना? मग आत या, तुमची गरज आहे." मला पडद्याच्या अलीकडे खुर्ची दिली.

पडद्यापलीकडून बाईंचा आवाज आला, "दूध भरपूर आहे हो. कोण म्हणतं कमी झालंय?" सूनबाई रडायलाच लागली. बाई म्हणाल्या, "मग अडतंय कुठे? बाटलीला कसलं बोंड लावता? कधीकधी बाटलीतून सटासटा यायला लागलं की बाळाला आईजवळ दम धरवत नाही. आईकडे आधी थोडा वेळ चोखावं लागतं, मग दूध उतरतं. बाटलीची चटक लागली की पोरं तेवढंही थांबत नाहीत, चिडतात."

सूनबाई म्हणाली, "नाही हो, सगळ्यात बारीक भोकाचं आहे. मी स्वतः बघून आणलंय."

"मग ते कारण नाही," बाई म्हणाल्या.

मी समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत होतो. बाळाच्या वजनाचा होता. तीनदा वाचला.

तक्रार विभागात एक प्रकार नेहमी यायचा. कोणी गुपचूप नळाला मोटार लावायचं. महिनाभराने मोटार जप्त केली की तोच माणूस येऊन टेबलावर हात आपटायचा, तुमच्या नळाला दाबच नाही. नळ पहिल्यासारखाच असायचा. मोटारीवर वाढलेल्या माणसाला साधा नळ आटल्यासारखाच वाटतो. हे मी लोकांना हसत हसत समजावून सांगायचो. एक दिवस हे मलाच कोणीतरी समजावून सांगेल, आणि तेही पडद्यामागून, असं काही वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर फिरायला जातो सांगून दुकान गाठलं. बारीक भोकाची नवीन बोंडं घेतली. जुनं रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकलं, घरच्या नाही. चोराच्या मनात चांदणं.

१८ मार्च, मंगळवार

नवं बोंड. बाईसाहेबांनी दोनदा ओढून बघितलं आणि माझ्याकडे अशी नजर टाकली जशी बदलीचा हुकूम हातात ठेवल्यावर साहेबाकडे टाकतात. मग भोकाड. अर्धी बाटली कशीबशी गेली, तीही चमच्याने.

२१ मार्च, शुक्रवार

ही म्हणाली, "गेला वाटतं हाताचा गुण."

दुपारी सूनबाईचा फोन. पीत नाही म्हटल्यावर दोन रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवून लवकर आली. बाईसाहेब भुकेल्या, तिच्याकडेही तसंच. दोन घोट, मान मागे, किंकाळी. एवढ्या दिवसांची सवय चार दिवसांत कशी जाणार? आणि हे समजणारा घरात मी एकटा.

जेवताना सूनबाई शांतपणे म्हणाली, "मी ठरवलंय. सोमवारपासून अंगावरचं बंद. यंत्राने काढीन जमेल तोवर, बाटलीने घेऊ दे. रोज तिने तोंड फिरवायचं आणि रोज मी रडायचं, नको आता. तिला मी नकोच आहे तर कशाला?" चिरंजीव तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, बरोबर आहे तुझं. हीसुद्धा म्हणाली, बरोबर आहे.

माझ्या मनात काय आलं ते लिहून ठेवतो. सोमवारपासून बंद झालं की कोणाला काही कळणार नाही. कधीच नाही. बोंड कचऱ्यात, सूनबाई दवाखान्यात, बाईसाहेब माझ्या मांडीवर. सगळं सुरळीत. सदतीस वर्षांत कितीतरी तक्रारी अशाच निकाली काढलेल्या पाहिल्या आहेत. तक्रार करणाऱ्याने कंटाळून नाद सोडला की शेरा मारायचा, तक्रार उरली नाही.

आणि सूनबाई काय म्हणाली? तिला मी नकोच आहे.

जेवण गेलं नाही.

२२ मार्च, शनिवार

सांगितलं.

सकाळी ती यंत्राचे भाग धूत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि खाकरलो. म्हटलं, "दूध तुझं कमी झालेलं नाही. आणि तू तिला नको आहेस असंही नाही. बोंडाला मी भोक पाडलं होतं." सुरुवात बरी झाली होती, पण मग मी सुई, गॅस, दाब, मोटार असं बरंच काही सांगत सुटलो. नळ चालूच होता.

"कधी?" तिने विचारलं.

"पहिल्यांदा प्यायली त्या दिवशी."

"म्हणजे हाताचा गुण..."

"नव्हता."

तिने नळ बंद केला. "परवा त्या बाईंनी बोंडाचं विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

"होतो."

"मी दोन आठवडे स्वतःला आटलेली समजत होते, बाबा. पहाटे उठून बसत होते. आणि तुम्ही मला सांगत होतात, माझ्याकडे काही तक्रार नाही तिची."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्या माणसांची सवय आहे. ती हात पुसून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ओरडण्याची कसर हिने भरून काढली. पार आमच्या लग्नापासूनचं काढलं. चिरंजीव फक्त एवढंच म्हणाले, "सुई?" आणि कपाळाला हात लावून बसले.

माझा समज होता की खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं. हा समज कोणी पसरवला कोणास ठाऊक.

२३ मार्च, रविवार

दिवसभर सूनबाई माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मीच म्हटलं, "उद्यापासून पाजायला दुसरं कोणीतरी बघ."

"दुसरं कोण आहे?" ती म्हणाली. "बसा इथे."

बसलो. तिने बाईसाहेबांना माझ्या मांडीवर जवळजवळ उभं बसवलं, बाटली माझ्या हातात दिली आणि माझा हात धरून आडवी केली. "अशी आडवी. उलटी नाही धरायची. तिने ओढलं तर येईल, नाही तर नाही. दोन-चार घोट झाले की बाटली खाली करायची, तिला श्वास घेऊ द्यायचा. मग परत. अंगावर असंच असतं, थांबत थांबत."

"फार वेळ लागेल."

"लागू दे. तुम्हाला कुठे जायचंय?"

बाईसाहेब चिडल्या, रडल्या, थोड्या प्यायल्या. सूनबाई बाजूला उभी राहून बघत होती, शिकाऊ डॉक्टरवर ठेवावी तशी नजर ठेवून. शेवटी म्हणाली, "बाबा, एक ठरवू. नळाचं तुम्हाला कळतं, तोंडाचं मला. यापुढे तोंडाच्या आत काही जाणार असेल तर आधी मला विचारायचं."

"विचारीन."

"आणि सुया आईंच्या डब्यात परत ठेवा."

ही आतून म्हणाली, "डबाच लपवलाय मी."

सोमवारपासून बंद करायचं म्हणाली होती, त्याचं काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

२४ मार्च, सोमवार

बंद केलं नाही. जाण्याआधी जवळ घेतलं. बाईसाहेब किंचाळल्या. तरी घेतलं.

२८ मार्च, शुक्रवार

एका बाटलीला अर्धा तास. पेपर तसाच घडी घातलेला पडून राहतो. मध्ये बाटली खाली केली की बाईसाहेब माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघतो. दुसरं करणार काय? त्यांच्या डाव्या कानामागे बारीक तीळ आहे. महिनाभर रोज मांडीवर घेतलं होतं, मला दिसला नव्हता. आधी मी काय पाजत होतो आणि कोणाला, कोण जाणे.

सदरे मात्र वाचतायत. उचक्याही नाहीत. टाकीबद्दलचं माझं मत मी मागे घेतो.

२ एप्रिल, बुधवार

काल संध्याकाळी आईजवळ बाईसाहेब जरा जास्त टिकल्या, मग रडल्या. आज पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सूनबाई माझ्याशी कामापुरतं बोलते. "दोन वाजता प्यायली?" "प्यायली." "थांबत थांबत?" "थांबत थांबत." मी दारापलीकडे बसून कान देत असतो. आधी यंत्राचा आवाज ऐकायचो, आता रडणं थांबतंय का ते ऐकतो. मागायचंच काही असेल तर एवढंच मागीन, की सूनबाईकडे बाईसाहेबांनी एकदा तोंड न फिरवता प्यावं. माझ्याकडे नाही प्यायली तरी चालेल.

८ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी बाईसाहेब वेळेआधीच भुकेल्या. सूनबाई यायला अवकाश होता, म्हणून शेवटची बाटली घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो. आडवी धरून, थांबत थांबत. अर्धी झाली असेल, तेवढ्यात दार उघडलं. सूनबाई लवकर आली होती. चपला काढताना रोजच्यासारखी हुश्श म्हणाली.

बाईसाहेबांनी ओढायचं थांबवलं. मी बाटली खाली केली, मग पुन्हा ओठाला लावली. त्यांनी जिभेने बोंड बाहेर ढकललं. पुन्हा लावलं, तर मान फिरवली आणि हाताचा असा फटका मारला की दूध माझ्या पायजम्यावर. ओठ काढून दाराकडे बघून रडायला लागल्या.

"अगं, अर्धी राहिलीये," मी म्हटलं.

सूनबाई खांद्यावरची पिशवीही न उतरवता समोरच्या खुर्चीत बसली. "द्या इकडे," म्हणाली. दिली. मी लगेच भिंतीकडे तोंड करून बसलो. वाट बघत होतो, आता ताठ होईल, आता किंचाळेल. सुरुवातीला कुरकुर झाली. दूध उतरेपर्यंतची असणार. मग कुरकुर थांबली आणि घोटांचा आवाज यायला लागला. एक, मग थोडं थांबून दुसरा, मग एकामागून एक. मी भिंतीकडे बघत बसलो. रंग पोपडे धरायला लागलाय तिथे.

बऱ्याच वेळाने मागून सूनबाईचा आवाज आला, भिजलेला. "बाबा, झोपली. पिता पिता."

"बरं," मी म्हटलं.

ही शाळेतून आली. आधी सूनबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या अर्ध्या बाटलीकडे आणि ओल्या पायजम्याकडे. हळू आवाजात म्हणाली, "हे काय? तुमची बाटली टाकली तिने?"

"टाकली."

"तुमच्या हातून?"

"माझ्या हातून. फटका मारून."

"मग हसताय काय असे भिंतीकडे तोंड करून?"

मी हसत होतो हे मला तिने सांगितल्यावर कळलं.